मालगाडीचा मालक कोण? अमेरिकी रेल्वेतल्या खुर्च्या, सौदे आणि त्यांची किंमत

२९ जुलै २०२५ रोजी युनियन पॅसिफिक या अमेरिकी रेल्वे कंपनीने नॉरफोक सदर्न ही दुसरी रेल्वे कंपनी विकत घेण्याचा करार जाहीर केला. सौद्याची किंमत कर्जासह ८५ अब्ज डॉलर. युनियन पॅसिफिकचे रूळ मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला, नॉरफोक सदर्नचे पूर्वेला. हा सौदा मंजूर झाला तर पॅसिफिकच्या किनाऱ्यापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत एकाच कंपनीची मालगाडी धावेल. सुमारे ५० हजार मैलांचे जाळे आणि ४३ राज्ये एका मालकाच्या हाती येतील. असे अमेरिकेच्या इतिहासात आजवर घडलेले नाही.

वाचताना नवल वाटते. १० मे १८६९ रोजी युटाहमधल्या प्रोमॉन्टरी येथे पूर्व आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले, तो प्रसंग जगभरच्या शालेय पुस्तकांत आहे. मग दीडशे वर्षांत एकही कंपनी या टोकापासून त्या टोकापर्यंत का पोहोचली नाही? कारण किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग एका कंपनीचा कधीच नव्हता. माल वाटेत कंपनी बदलत जाई, आजही जातो. लॉस एंजेलिसच्या बंदरात उतरलेला कंटेनर शिकागोत किंवा मेम्फिसमध्ये एका कंपनीकडून दुसरीकडे सोपवला जातो. इंजिन बदलते, कर्मचारी बदलतात, दर आकारणारा बदलतो. वेळही जातो.

हा खोळंबा संपवू, असे विलीनीकरणाचे समर्थक म्हणतात. विरोधकांचे म्हणणे असे की आधीच मूठभर उरलेल्या कंपन्या आणखी कमी होतील आणि मग ग्राहकाला दारच उरणार नाही. दोन्ही युक्तिवाद शंभर-सव्वाशे वर्षे जुने आहेत. म्हणून या बातमीकडे इतिहासाच्या अंगाने पाहायला हवे. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रूळ जोडले जाण्याआधी खुर्च्या हलतात. कंपनीच्या सर्वोच्च पदावर माणूस बदलला की थोड्याच काळात सौद्याची कुजबुज सुरू होते.

मॉर्गन, हिल आणि हॅरिमन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या वायव्य भागातल्या रेल्वेवर तीन माणसांची नजर होती. जेम्स हिल ग्रेट नॉर्दर्न चालवत होता, त्याच्या पाठीशी जे. पी. मॉर्गन ही पेढी होती. समोर युनियन पॅसिफिकचा एडवर्ड हॅरिमन होता. १९०१ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक या कंपनीच्या समभागांसाठी दोन्ही बाजूंनी अशी ओढाताण केली की ९ मे रोजी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. भांडण परवडत नाही हे कळल्यावर तिघांनी तडजोड केली. नॉर्दर्न सिक्युरिटीज नावाची एक कंपनी काढून सगळे समभाग तिच्यात टाकले. स्पर्धाच संपली.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सरकारने हे प्रकरण कोर्टात नेले. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी नॉर्दर्न सिक्युरिटीज मोडीत काढली. पुढे १९१२ मध्ये याच न्यायालयाने युनियन पॅसिफिकला सदर्न पॅसिफिकवरचा ताबा सोडायला लावला. मक्तेदारीला चाप बसला असे लोकांना वाटले.

पण इतिहासाचा पुढचा भाग पाहा. हिलला ज्या कंपन्या एकत्र करायच्या होत्या, त्याच १९७० मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न या नावाने कायदेशीरपणे एक झाल्या. न्यायालयाने तोडलेले युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक १९९६ मध्ये पुन्हा जोडले गेले. एका पिढीने ज्याला गुन्हा ठरवले, त्याला पुढच्या पिढीने कार्यक्षमता म्हटले. रूळ तिथेच होते. बदलली ती परिस्थिती, आणि परिस्थितीचा अर्थ लावणारी माणसे.

पेन सेंट्रलची शोकांतिका

परिस्थिती बदलली म्हणजे काय झाले? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ट्रक आले. १९५६ च्या कायद्याने सरकारी पैशाने महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. त्यावर धावणाऱ्या ट्रकमालकाला रस्ता बांधावा लागत नव्हता. रेल्वे कंपन्यांना मात्र स्वतःचे रूळ राखायचे, त्या जमिनीवर कर भरायचा आणि तोट्यातल्या प्रवासी गाड्याही चालवायच्या होत्या. दर किती घ्यायचा, कोणता मार्ग बंद करायचा, याची परवानगी १८८७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे मागावी लागे. सर्वात बिकट हाल ईशान्येकडच्या कंपन्यांचे होते. तिथे अंतरे कमी, गावे दाट आणि एकाच मार्गावर तीन-तीन कंपन्यांचे रूळ.

या भागातले दोन दिग्गज म्हणजे पेन्सिल्व्हेनिया रेलरोड आणि न्यूयॉर्क सेंट्रल. शंभर वर्षांचे हाडवैर. १९५४ मध्ये रॉबर्ट यंग या वित्तव्यवसायिकाने भागधारकांची मते फिरवून न्यूयॉर्क सेंट्रलचा ताबा घेतला. हा तोच यंग, ज्याने १९४६ मध्ये जाहिरात दिली होती की डुक्कर गाडी न बदलता देशाच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाऊ शकते, माणसाला मात्र शिकागोत उतरून गाडी बदलावी लागते. त्याने कंपनी चालवायला आल्फ्रेड पर्लमन हा कसलेला रेल्वेवाला आणला. १९५७ मध्ये दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी विलीनीकरणाची चर्चा जाहीर केली. जानेवारी १९५८ मध्ये यंगने आत्महत्या केली. चर्चा थांबली आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली.

१९६३ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या प्रमुखपदी स्टुअर्ट सॉन्डर्स आला. तो वकील होता, वॉशिंग्टनमध्ये त्याचे वजन होते. विलीनीकरण घडवून आणणे हेच त्याचे मुख्य काम बनले. कामगार संघटनांचा विरोध मावळावा म्हणून १९६४ मध्ये त्याने नोकरीच्या हमीचा करार केला. कर्मचाऱ्यांना विलीनीकरणामुळे घरी पाठवणार नाही, असा तो शब्द होता. आयोगाने मंजुरी दिली, सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि १ फेब्रुवारी १९६८ रोजी पेन सेंट्रलचा जन्म झाला. सुमारे २० हजार मैलांचे जाळे असलेली ती देशातली सर्वात मोठी रेल्वे कंपनी होती.

कागदावर सगळे ठीक होते. प्रत्यक्षात सॉन्डर्स अध्यक्ष आणि पर्लमन त्याच्या हाताखाली, पण दोघांचे जमत नव्हते. पेन्सिल्व्हेनियाच्या माणसांना 'लाल' आणि न्यूयॉर्क सेंट्रलच्या माणसांना 'हिरवे' म्हटले जाई. लाल आणि हिरवे एकमेकांशी धड बोलत नसत. दोन्हीकडच्या संगणक यंत्रणा एकमेकींशी जुळत नव्हत्या. गाड्याच्या गाड्या चुकीच्या यार्डात जात आणि वाघिणी हरवत. कोणता माल कुठे आहे हे ग्राहकाला सांगता येत नसे. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आयोगाने विलीनीकरणाची अट म्हणून दिवाळखोर न्यू हेवन रेलरोडही १९६९ मध्ये या कंपनीच्या गळ्यात बांधली.

दरम्यान वित्तप्रमुख डेव्हिड बेव्हन हिशेबांची अशी मांडणी करत होता की तोटा नजरेत भरू नये. लाभांश वाटला जात होता. कंपनीचा पैसा जमीनजुमल्यात आणि इतर धंद्यांत गुंतवला जात होता, आणि रूळ मात्र खचत होते. १९७० मध्ये तोटा दिवसाला सुमारे १० लाख डॉलरवर गेला. ८ जून १९७० रोजी संचालक मंडळाने सॉन्डर्स, पर्लमन आणि बेव्हन या तिघांनाही बाजूला केले. २१ जूनला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. विलीनीकरणाला अडीच वर्षेही झाली नव्हती. तोवर अमेरिकेने एवढी मोठी दिवाळखोरी पाहिलेली नव्हती.

दोन अशक्त कंपन्या एकत्र केल्या की एक सशक्त कंपनी होते, हा समज पेन सेंट्रलने कायमचा मोडला. दोन बुडत्यांनी एकमेकांना मिठी मारली तर दोघेही लवकर बुडतात.

उशिराची शिक्षा, घाईची शिक्षा

पेन सेंट्रल हा एकच धडा नव्हे. रॉक आयलंड या मध्य-पश्चिमेतल्या कंपनीचे उदाहरण नेमके उलटे आहे. १९६४ मध्ये युनियन पॅसिफिकने तिला सामावून घेण्याचा प्रस्ताव आयोगापुढे ठेवला. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या. सुनावण्यांवर सुनावण्या झाल्या. आयोगाने अटींसह होकार दिला तेव्हा १९७४ उजाडले होते. दहा वर्षे विकायला काढलेल्या घराची डागडुजी कोण करतो? रॉक आयलंडच्या रुळांची तीच गत झाली होती. गाड्या सरपटत चालत होत्या. युनियन पॅसिफिकने सौदा सोडून दिला, रॉक आयलंड १९७५ मध्ये दिवाळखोर झाली आणि १९८० मध्ये कायमची बंद पडली. आयोगाचा निर्णय म्हणजे वरातीमागून घोडे ठरला.

तिसरा प्रकार १९८० च्या दशकातला. सांता फे आणि सदर्न पॅसिफिक यांच्या मूळ कंपन्या १९८३ मध्ये एक झाल्या. रेल्वे एकत्र करायला आयोगाची परवानगी बाकी होती, पण ती मिळणारच या खात्रीने शेकडो इंजिने लाल-पिवळ्या रंगात रंगवली गेली. सदर्न पॅसिफिकच्या इंजिनांवर 'एसपी' ही अक्षरे आणि पुढे मोकळी जागा. सांता फेच्या इंजिनांवर 'एसएफ' आणि मागे मोकळी जागा. म्हणजे होकार आला की उरलेली अक्षरे भरायची. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या या वरातीला १९८६ मध्ये आयोगाने ४ विरुद्ध १ मतांनी नकार दिला. दोन्ही मार्ग समांतर आहेत, स्पर्धा मरेल, हे कारण. 'एसपीएसएफ' या अक्षरांचा अर्थ 'एवढ्या घाईने रंगवायला नको होते' असा लावून रेल्वेवाले बरीच वर्षे हसत होते.

सदर्न पॅसिफिक मात्र त्या धक्क्यातून सावरली नाही. १९९६ मध्ये ती युनियन पॅसिफिकच्या पदरात पडली. युनियन पॅसिफिकने कर्मचारी कमी केले, अनुभवी माणसे घरी गेली आणि १९९७ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनची यार्डे तुंबली. एक यार्ड तुंबले की मागची गाडी थांबते, तिच्या मागची थांबते, आणि बघता बघता शेकडो मैलांवर इंजिने आणि चालक अडकून पडतात. टेक्सासमधले रासायनिक कारखाने आणि मैदानी राज्यांतले धान्याचे कोठार गाड्यांची वाट पाहत बसले. ही कोंडी १९९८ पर्यंत चालली. नियामक मंडळाला आणीबाणीचे आदेश काढावे लागले.

सरकारने वाचवलेली रेल्वे

पेन सेंट्रल बुडाल्यावर काय झाले, हे मुक्त बाजाराच्या कथेत सहसा सांगितले जात नाही. प्रवासी गाड्या १ मे १९७१ पासून अ‍ॅमट्रॅक या सरकारी कंपनीकडे गेल्या. मालवाहतुकीसाठी १ एप्रिल १९७६ रोजी कॉनरेल स्थापन झाली. तिच्यात पेन सेंट्रलसह ईशान्येकडच्या सहा दिवाळखोर कंपन्या घातल्या गेल्या. जगातल्या सर्वात भांडवलशाही देशात सरकार मालगाड्या चालवू लागले. रूळ, इंजिने, पूल यांवर अब्जावधी डॉलर सरकारी खजिन्यातून खर्च झाले.

१४ ऑक्टोबर १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्टॅगर्स कायद्यावर सही केली. कंपन्यांना दर ठरवण्याची, ग्राहकाशी खाजगी करार करण्याची आणि तोट्याचे मार्ग सोडण्याची मोकळीक मिळाली. १९८१ मध्ये एल. स्टॅनली क्रेन हा सदर्न रेल्वेत मुरलेला माणूस कॉनरेलच्या प्रमुखपदी आला. सरकारी भांडवल, नवा कायदा आणि रेल्वे जाणणारा प्रमुख, हे तिन्ही एकत्र आले तेव्हा कॉनरेल नफ्यात आली. १९८७ मध्ये सरकारने तिचे समभाग बाजारात विकले. १.६५ अब्ज डॉलरची ती विक्री त्यावेळची अमेरिकेतली सर्वात मोठी प्रारंभिक समभाग विक्री होती.

आणि मग पुन्हा तोच खेळ. १९९६ च्या ऑक्टोबरात सीएसएक्सने कॉनरेल घेण्याचा करार केला. सीएसएक्सचा प्रमुख जॉन स्नो, जो पुढे अमेरिकेचा अर्थमंत्री झाला. नॉरफोक सदर्नच्या डेव्हिड गूडने लगेच वरचढ बोली लावली. महिनोन् महिने लिलाव चालला. शेवटी दोघांनी कॉनरेल वाटून घेतली, नॉरफोक सदर्नला ५८ टक्के आणि सीएसएक्सला ४२ टक्के. १ जून १९९९ रोजी प्रत्यक्ष वाटणी झाली आणि पूर्वेकडे पुन्हा वाहतुकीची कोंडी.

१९८० मध्ये पहिल्या वर्गात मोडणाऱ्या रेल्वे कंपन्या सुमारे ४० होत्या. आज सहा आहेत. पश्चिमेला युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ, पूर्वेला सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्न, आणि दोन कॅनडाच्या. या वर्गातले कर्मचारी १९८० मध्ये साडेचार लाखांहून अधिक होते, आता सव्वा लाखाच्या आसपास आहेत. दर उतरले, अपघात घटले, उत्पादकता वाढली, हे खरे आहे. पण ज्या गावातून दुसरी कंपनी निघून गेली, तिथल्या गिरणीला किंवा खत कारखान्याला एकच दार उरले हेही तितकेच खरे. अशा ग्राहकाला तिथे 'अडकलेला ग्राहक' म्हणतात. नाव समर्पक आहे.

एक माणूस आणि त्याचे गणित

गेल्या तीस वर्षांत या धंद्यावर सर्वात खोल ठसा उमटवला तो ई. हंटर हॅरिसन याने. जन्म १९४४, मेम्फिसचा. फ्रिस्को रेल्वेत डब्यांखाली शिरून तेल घालणारा मजूर म्हणून त्याने सुरुवात केली. पुढे इलिनॉय सेंट्रलचा प्रमुख झाला. १९९८ मध्ये कॅनेडियन नॅशनलने ती कंपनी घेतली, त्यामागचे एक कारण हॅरिसन हे होते. २००३ ते २००९ तो कॅनेडियन नॅशनलचा प्रमुख होता.

त्याच्या पद्धतीला 'काटेकोर वेळापत्रकाची रेल्वे' म्हणतात. गाडी भरेपर्यंत थांबायचे नाही, ठरल्या वेळी सुटायचे. इंजिने कमी, यार्डे कमी, माणसे कमी, गाड्या लांब. यशाचे माप एकच, ते म्हणजे १०० डॉलर कमावताना खर्च किती झाला. हा आकडा जितका खाली, तितका शेअर बाजार खूश.

२०१२ मध्ये बिल अ‍ॅकमन या हेज फंडवाल्याने कॅनेडियन पॅसिफिकच्या संचालक मंडळाविरुद्ध भागधारकांची मोट बांधली आणि हॅरिसनला प्रमुख केले. खर्चाचा आकडा ८१ वरून चार वर्षांत ६० च्या घरात आला. हजारो नोकऱ्या गेल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये हॅरिसनने नॉरफोक सदर्नला सुमारे २८ अब्ज डॉलरची मागणी घातली. त्या कंपनीने नकार दिला, ग्राहक आणि राजकारणी विरोधात गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. जानेवारी २०१७ मध्ये तो सीएसएक्सकडे जाणार अशी नुसती बातमी आली आणि तिचा समभाग एका दिवसात २० टक्क्यांहून अधिक वधारला. मार्चमध्ये तो तिथे प्रमुख झाला. उन्हाळ्यात सीएसएक्सची सेवा कोलमडली, ग्राहकांनी तक्रारी केल्या. १६ डिसेंबर २०१७ रोजी, पदावर असतानाच, त्याचा मृत्यू झाला.

माणूस गेला, गणित राहिले. इतर कंपन्यांनीही तीच वाट धरली. २०२२ मध्ये तेव्हाचे नियामक मंडळाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी सांगितले की सहा वर्षांत मोठ्या कंपन्यांनी सुमारे ४५ हजार माणसे कमी केली. त्याच वर्षी रेल्वे कामगार संपाच्या उंबरठ्यावर आले. त्यांची एक मोठी मागणी होती आजारपणाच्या पगारी रजेची. अब्जावधींचा नफा कमावणाऱ्या उद्योगात तापाने फणफणलेल्या चालकाला घरी थांबायला पगारी रजा नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने कायदा करून संप रोखला आणि करार लादला. रजेची तरतूद सिनेटमध्ये अडली.

३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाईन गावात नॉरफोक सदर्नच्या गाडीचे ३८ डबे घसरले. एका चाकाचे बेअरिंग तापून निकामी झाले होते. विषारी रसायनाच्या टाक्या मुद्दाम फोडून जाळल्या गेल्या आणि गावावर काळा ढग पसरला. पुढे चौकशीत निष्पन्न झाले की तसे जाळण्याची गरज नव्हती.

खुर्च्यांची नवी फेरी

आता २०२५ च्या सौद्याकडे परत येऊ. ईस्ट पॅलेस्टाईननंतर नॉरफोक सदर्नचा प्रमुख अ‍ॅलन शॉ सुरक्षिततेची भाषा बोलत होता. अँकोरा या गुंतवणूकदार संस्थेला त्यात खर्च दिसला. तिने शॉला हटवण्याची मोहीम काढली आणि मे २०२४ मध्ये १३ पैकी ३ संचालक निवडून आणले. शॉ वाचला, पण सप्टेंबरमध्ये सहकाऱ्याशी असलेल्या वैयक्तिक संबंधांमुळे नियमभंगाचा ठपका ठेवून त्याला काढण्यात आले. वित्तप्रमुख मार्क जॉर्ज प्रमुख झाला. पलीकडे युनियन पॅसिफिकमध्येही एका हेज फंडाच्या दबावानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये जिम व्हेना हा कॅनेडियन नॅशनलमध्ये हॅरिसनच्या हाताखाली घडलेला माणूस प्रमुखपदी आला होता. दोन्ही खुर्च्या बदलल्या आणि वर्षभराच्या आत सौदा समोर आला.

सौदा जाहीर होताच सगळ्यांचे लक्ष एकट्या पडलेल्या सीएसएक्सकडे वळले. बीएनएसएफ तिला घेणार का? बीएनएसएफ २०१० पासून वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेकडे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बफे यांनी आपण बोली लावणार नसल्याचे सांगितले. त्याआधी दोन्ही कंपन्यांनी कंटेनर वाहतुकीसाठी नुसत्या सहकार्याचा करार केला होता. सीएसएक्सचा समभाग आपटला. अँकोराने इथेही पत्र लिहून प्रमुख जो हिनरिक्स यांच्यावर तोफ डागली. हिनरिक्स फोर्डमधून आलेले, कामगारांशी संवाद ठेवणारे म्हणून ओळखले जात. सप्टेंबरच्या अखेरीस ते गेले आणि स्टीव्ह एंजल आले. एंजल यांची ख्याती कोणती? २०१८ मध्ये प्रॅक्सएअर आणि लिंडे या दोन वायू उत्पादक कंपन्यांचे विलीनीकरण तडीस नेणारा माणूस. तर्कवितर्कांना आणखी काय हवे होते?

नियम कागदावर, नियामक खुर्चीवर

एक गोष्ट मात्र यावेळी वेगळी आहे. डिसेंबर १९९९ मध्ये बीएनएसएफ आणि कॅनेडियन नॅशनल यांनी एकत्र येण्याची घोषणा केली, तेव्हा ह्यूस्टन आणि कॉनरेलच्या कोंडीच्या आठवणी ताज्या होत्या. दुधाने तोंड पोळले होते, म्हणून सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाने ताकही फुंकून प्यायचे ठरवले. हे बोर्ड १९९६ पासून जुन्या आयोगाच्या जागी आले आहे. त्याने १५ महिने सगळी विलीनीकरणे थांबवली आणि २००१ मध्ये नवे नियम केले. आधी स्पर्धा घटत नाही एवढे दाखवणे पुरेसे होते. आता मोठ्या कंपन्यांना विलीनीकरणामुळे स्पर्धा वाढेल आणि ते जनहिताचे आहे हे सिद्ध करावे लागते.

कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न यांचे २०२३ मधले विलीनीकरण या नियमांतून सुटले, कारण कॅन्सस सिटी सदर्न लहान असल्याने तिला जुने नियम लागू होते. म्हणजे २००१ च्या नियमांची खरी कसोटी आता पहिल्यांदाच लागते आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या भागधारकांनी होकार दिला. पण भागधारकांचा होकार आणि जनहित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नियम कितीही चांगला असला तरी तो लावणारी माणसे कोण, हा प्रश्न उरतोच. २०२३ च्या विलीनीकरणाविरुद्ध बोर्डावर एकच मत पडले होते, रॉबर्ट प्रायमस यांचे. ऑगस्ट २०२५ मध्ये, युनियन पॅसिफिकचा सौदा जाहीर होऊन महिना होत असताना, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी प्रायमस यांना पदावरून काढले. पाच जागांच्या बोर्डावर तीनच सदस्य उरले. कंपन्यांच्या खुर्च्या बदलतात तेव्हा शेअर बाजारात गलका होतो. नियामकाची खुर्ची रिकामी होते तेव्हा तेवढा आवाज होत नाही, पण परिणाम त्याहून दूर जातो.

कामगारांपुढेही जुनाच पेच आहे. युनियन पॅसिफिकने संघटित कर्मचाऱ्यांना नोकरीची हमी देऊ केली आहे. एका मोठ्या संघटनेने त्यावर पाठिंबा दिला, टीमस्टर्स विरोधात आहे. सॉन्डर्सच्या १९६४ च्या कराराची इथे आठवण होते. हमी खोटी नसतेही. पण ती आज कामावर असलेल्या माणसाची असते, त्याच्या जागेची नसते. तो निवृत्त झाला की जागाही निवृत्त होते. १९८० पासून तीन लाखांहून अधिक नोकऱ्या कमी झाल्या, त्यातल्या कितीतरी अशाच गुपचूप, रिक्त जागा न भरता.

या सव्वाशे वर्षांतून विलीनीकरण नेहमीच वाईट असे निष्पन्न होत नाही. रॉक आयलंडला वेळेत सोयरीक मिळाली असती तर तिचे रूळ कदाचित वाचले असते. दोन टोकांना जोडणारी गाडी शिकागोत अडकली नाही तर काही माल ट्रकवरून रुळावर येईल, रस्ते आणि हवा दोन्हींना ते बरे. पण पेन सेंट्रल, ह्यूस्टन आणि कॉनरेलची वाटणी या तिन्ही वेळी घोषणेच्या दिवशी दिलेले आकडे एकच सांगत होते. खर्च वाचेल, सेवा सुधारेल, सगळ्यांचे भले होईल. खर्च वाचवण्यासाठी जी माणसे काढली, त्यांनाच कोणते यार्ड कधी तुंबते हे ठाऊक होते. आणि गाडा रुतला तेव्हा तो बाहेर काढायला एकदा सरकारी खजिना आणि एकदा सरकारी आदेश लागला. नफा खाजगी राहिला, नुकसान सगळ्यांनी वाटून घेतले.

म्हणून बोर्डापुढच्या सुनावणीत समभागाच्या किमतीपेक्षा वेगळे प्रश्न विचारले जायला हवेत. एकाच कंपनीवर विसंबून असलेल्या गिरणीला दुसऱ्या कंपनीची गाडी मागण्याचा हक्क मिळेल का? सेवा कोलमडली तर भरपाई कोण देईल आणि किती दिवसांत? किती चालक, किती सांधेवाले, किती डबे तपासणारे पाच वर्षांनी कामावर असतील? तपासणाऱ्याला एका डब्यासाठी किती वेळ दिला जाईल? ईस्ट पॅलेस्टाईनमधल्या लोकांना यातल्या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्यांच्या गावातून गाडी गेली तेव्हा तिचा मालक कोण, हे त्यांना माहीतही नसेल. चाक तापले आणि त्या मालकाचे नाव घरोघरी पोहोचले.